हळदीचा दाखला

आम्ही अर्धापूरहून बोलतोय, बचत गटाच्या बाया. हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडता फोडता ऐका. आज हळदीची गोष्ट सांगायची आहे, पण तिची सुरुवात होते एका अशा फुलापासून, जे आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं.

आमच्या गटानं साबण करण्याचं प्रशिक्षण घेतलं. शिकवायला आलेल्या ताईंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली आणि म्हणाल्या, "हे लव्हेंडरचं तेल. शहरात याच वासाला गिऱ्हाईक आहे." बाटली हातोहात फिरली. कुणी म्हणालं वास छान आहे, कुणी म्हणालं दवाखान्यासारखा आहे. एकीनं विचारलं, "ताई, हे फूल लावतात कुठं? आपल्या इसापूरच्या पाण्यावर येईल का?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ज्या फुलाचा साबण करून विकायचा, ते येतं कुठून एवढं तरी माहीत असावं, म्हणून आम्ही विचारपूस केली, वाचलं.

लव्हेंडर हे मूळचं भूमध्य समुद्राच्या आसपासच्या डोंगरउतारांवरचं झुडूप. बारीक राखाडी पानं, वर जांभळ्या फुलांचे तुरे. त्याचं नाव लॅटिन भाषेतल्या धुणे या अर्थाच्या शब्दावरून आलं असं सांगतात. युरोपातल्या बाया त्याची वाळलेली फुलं कापडी पुरचुंडीत बांधून कपड्यांत ठेवत, म्हणजे कसर लागत नाही. आपण धान्यात कडुनिंबाचा पाला घालतो, तसंच ते. आंघोळीच्या पाण्यात, अंगाला लावायच्या तेलात, उशाशी, सगळीकडं त्यांच्याकडं हे फूल. १९१० साली गातफोसे नावाच्या एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाचे हात प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले. त्यानं जखमेवर लव्हेंडरचं तेल वापरलं आणि पुढं १९३७ साली सुगंधी तेलांच्या उपचारावर पुस्तकच लिहिलं. ॲरोमाथेरपी हा जो शब्द आज ब्यूटी पार्लरच्या पाटीवर दिसतो, तो त्याच्या पुस्तकातून आला.

आपल्या देशातही आता लव्हेंडर होतं. जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाह नावाचा थंड डोंगरी भाग आहे. तिथं सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, म्हणजे सीएसआयआरनं, शेतकऱ्यांना रोपं दिली, तेल काढायची भांडी दिली. मक्याच्या जागी लव्हेंडर आलं. तिकडं त्याला जांभळी क्रांती म्हणतात. त्या बायांचं आम्हाला कौतुकच आहे. पण त्याला हवी थंडी आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन. आपल्याकडं काळी चिकट माती आणि वैशाखातलं ऊन. तेव्हा ते फूल त्यांचं. सीएसआयआर हे नाव मात्र ध्यानात ठेवा. ते पुढं पुन्हा येणार आहे.

मग एक जण म्हणाली, "मग आपल्या हळदीचं काय?"

बरोबरच होतं. अर्धापूर म्हटलं की लोक दोनच गोष्टी सांगतात, केळी आणि हळद. नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना हळदीचे मळे दिसतील. घरात हळदीची पोती असताना बाहेरचा वास कशाला विकत आणायचा? आम्ही ठरवलं, हळदीचा साबण करायचा.

पहिला घाणा घातला. तेलात हळद कालवली, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं, आणि बघता बघता सगळं मिश्रण लालभडक झालं. आमच्या पोरी घाबरल्या. शिकलेल्या पोरी त्या, एक तर बारावी सायन्सची. "बिघडलं सगळं, टाकून द्यावं लागतंय," म्हणून रडकुंडीला आल्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क मावशी हसायला लागल्या. म्हणाल्या, "बिघडलं कुठं, माय? हळदीला चुना लागला की कुंकू होतंय. आमच्या सासूबाई घरीच करायच्या."

मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्या बोलल्या ते शंभर टक्के खरं. हळदीला चुना, सोडा, साबण असं काहीही खारं लागलं की ती लाल होते. हळदीच्या डागावर साबण चोळला की डाग लाल होतो, हे आपण प्रत्येकीनं पाहिलंय. त्याचं हेच कारण. आंबट लागलं की पुन्हा पिवळी. जुन्या काळी हळकुंडाला लिंबाचा रस, टाकणखार, चुना असं काय काय लावून त्याचं कुंकू करत. आमचा साबणही पुढं मुरला तसा त्याचा लाल रंग उतरला आणि तो नारिंगीवर आला. काही बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना आमच्या मनात एकच विचार होता. मावशी त्या दिवशी आल्या नसत्या तर आम्ही तो घाणा उकिरड्यावर टाकला असता. मावशींना जे माहीत आहे ते लिहिलंय कुठं? कुठंच नाही.

न लिहिल्यानं काय होतं, याची एक खरी गोष्ट आहे. आमच्यातल्या काही जणी तेव्हा पाळण्यात होत्या, काही शाळेत.

मार्च १९९५. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला तिथल्या सरकारी कार्यालयानं एक पेटंट दिलं. पेटंट म्हणजे काय? नव्या शोधावरचा मालकी हक्क. एखाद्यानं नवीन काही शोधलं, तर ठरावीक वर्षं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी त्या देशात ते करून विकायचं नाही. आता हा नवा शोध कोणता? तर जखमेवर हळद लावली, किंवा हळद पोटात घेतली, की जखम भरून येते! शोध लावणारे दोघंही भारतीय वंशाचे. म्हणजे त्यांच्याही घरी कुणी ना कुणी गुडघा फुटल्यावर हळद दाबली असणारच.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ. त्या पेटंटमुळं कुणी आपल्या चुलीपाशी येऊन हळदीचा डबा उचलून नेणार नव्हतं. पेटंट अमेरिकेपुरतं होतं. पण उद्या आपल्या इथल्या कुणी जखमेवरची हळदीची पूड किंवा मलम म्हणून तिकडं माल पाठवला असता, तर त्याला अडवता आलं असतं. आपलीच वस्तू, आपलीच रीत, आणि हक्क दुसऱ्याचा.

तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. मूळचे गोव्यातल्या माशेल गावचे, मुंबईत गरिबीत वाढलेले आपले मराठी शास्त्रज्ञ. परिषदेनं ठरवलं, हे पेटंट रद्द करून घ्यायचं. ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडं फेरतपासणीचा अर्ज गेला.

आता तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? भारतातल्या कोट्यवधी आया-आज्या सांगतील की आम्ही हळद लावतो. चारदोन जणींना साक्षीला उभं केलं की झालं. पण तसं नव्हतं. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात मोठी मेख होती. एखादी गोष्ट अमेरिकेत आधीपासून लोकांच्या माहितीत किंवा वापरात असेल तर ते धरलं जाई. पण दुसऱ्या देशातली गोष्ट असेल तर ती छापलेली हवी, नाहीतर तिथं आधीच पेटंट झालेली हवी. नुसती वापरात आहे, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली आहे, हे चालणार नाही. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आज्या तिथं जाऊन उभ्या राहिल्या असत्या, तरी त्यांच्या बोलण्याला कायद्यानं किंमत नव्हती.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. शेतात आयुष्यभर राबणारी बाई आणि सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचं, हे आपण घरोघर बघतो. वहिवाट आपली, पण नोंद नाही. हळदीचं अगदी तेच झालं होतं.

मग दिल्लीत बसून लोकांनी जुनी पुस्तकं चाळली. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ, नियतकालिकं. एकूण ३२ लेखी पुरावे काढले. त्यातले काही शंभर वर्षांहून जुने होते. एक होता १९५३ सालचा, भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या मासिकात छापून आलेला लेख. ही सगळी कागदं भाषांतर करून तिकडं पाठवली. आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयानं मान्य केलं की यात नवीन काही नाही, ही भारतातली जुनीच माहिती आहे. पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, तसं अखेरचं प्रमाणपत्रही निघालं. इतिहासातल्या लढाईच्या नावावरून लोक गमतीनं याला हळदीघाटीची लढाई म्हणायला लागले.

आपली हळद जिंकली. पण ती जिंकली ते आपण तिला रोज वापरतो म्हणून नाही. कुणीतरी, कधीतरी, कागदावर लिहून ठेवलं होतं म्हणून.

या लढाईनंतर सरकारनं धडा घेतला. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा संग्रह संगणकावर करायला घेतला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली औषधं इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत उतरवली, म्हणजे परदेशातल्या पेटंट तपासणाऱ्यांना ती वाचता यावीत. मोठं काम झालं. पण त्यात आलं ते ग्रंथांतलं. चरकसंहितेत त्वचेच्या रोगांवर उपयोगी अशा दहा वनस्पतींचा एक गण सांगितलाय, त्यात हरिद्रा म्हणजे हळद आहे. ते तिथं असणारच. कुंकवाच्या लाल रंगाचं मावशींचं बोलणं मात्र कुठल्या ग्रंथात शोधणार?

आपल्याला ठाऊक असलेली हळद किती मोठी आहे, ते जरा मोजून बघू.

पहिली शेतातली हळद. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बेणं लावायचं, नऊएक महिन्यांनी पाला वाळला की काढायची. खोदणारे गडी असतील, पण गड्ड्यांची मोडणी कोण करतं? बायाच. जेठा गड्डा वेगळा, बगल गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं, हे अंधारातही हाताला कळतं. मग शिजवायची. पूर्वी मोठ्या काहिलीत पाणी घालून, वर पाला आणि गोणपाट झाकून, आता कुकर आले. शिजली की नाही हे कसं ओळखायचं? कुणी काडी टोचून बघतं, कुणी वाफेच्या वासावरून सांगतं. कमी शिजली तर रंग एकसारखा येत नाही, जास्त शिजली तर लगदा. मग उन्हात वाळवण, मग पॉलिश. शंभर किलो ओल्या हळदीची शेवटी वीस-पंचवीस किलोच वाळकी हळद राहते. मग ती वसमतला, नांदेडला, हिंगोलीच्या मार्केट यार्डात जाते. पट्टी ज्याच्या नावानं शेत त्याच्या नावानं निघते.

दुसरी अंगाला लावायची हळद. लग्नाची हळद आपल्याला माहीतच आहे. जात्याला सुपारी बांधून पहिली मूठ दळायची, गाणी म्हणायची. पण रोजच्या जगण्यातली हळद त्याहून मोठी. बेसन, साय आणि चिमूटभर हळद चेहऱ्याला. लहान बाळाच्या अंगाला डाळीचं पीठ आणि हळद. पायाच्या भेगांत तेल-हळद. रोपं लावताना पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की तिथं कोमट तेलात कालवलेली हळद. मुका मार लागला की आंबेहळद उगाळून लेप. आता गंमत बघा. बऱ्याच ठिकाणी हळद तेलात नाहीतर सायीत कालवलेली आहे, नुसत्या पाण्यात नाही. का? हळदीचा जो पिवळा गुणकारी अंश आहे, त्याला कुरकुमीन म्हणतात. युरोपातल्या रसायनतज्ज्ञांनी तो १८१५ साली वेगळा काढला आणि त्याची रचना १९१० मध्ये समजली. हा कुरकुमीन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. आपल्या आज्यांना कुरकुमीन हा शब्द ठाऊक नव्हता, पण हळद कशात कालवायची हे ठाऊक होतं.

तिसरी देवाची हळद. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात, तो हळदीचाच. जेजुरीला तर पायऱ्या पिवळ्या होतात.

आणि चौथी हळद, जिच्याबद्दल बोलताना आमच्या गटातही जरा शांतता होते. हळदीकुंकवाची हळद. संक्रांतीला आपण घरोघर वाण लुटतो, हळदीकुंकू लावतो. आमच्या ज्या मावशींनी कुंकू कसं होतं हे सांगितलं, त्यांना गेली तीस वर्षं कुणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही, कारण त्यांचे मालक वारलेत. बाळंतिणीला काय लावायचं, पोराच्या जखमेला काय लावायचं, हे विचारायला रात्री-अपरात्री सगळ्या त्यांच्याच दारात. पण हळदीचं बोट त्यांच्या कपाळाला नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद केल्या. त्यानंतर राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना त्यांच्यासारखं करायला सांगितलं. आमच्या गटात गेल्या संक्रांतीला आम्ही मावशींना बोलावलं. काही जणी कुरकुरल्या, दोघी आल्याच नाहीत. मावशी आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. आम्ही वाण दिलं ते घेतलं. कपाळाला हात लावू दिला नाही. "राहू दे, बाई," म्हणाल्या. एका दिवसात सगळं होत नाही. पण यंदाही बोलावणार आहोत.

आता हळदीचं कौतुक करताना एक गोष्ट लपवायची नाही. आपल्याकडचं सगळंच बरोबर होतं असं नाही. आमच्याच गटातल्या एका घरी नवजात बाळाच्या नाळेवर हळद लावली होती. चांगल्या मनानंच लावली, आजीनं. नाळ चिघळली, बाळाला ताप आला, दवाखान्यात ठेवावं लागलं. बाळ वाचलं. आशाताई तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगतात, आम्हीही सांगतो: नाळेला काहीही लावायचं नाही, स्वच्छ आणि कोरडी ठेवायची. खिळा रुतला, विळा लागला, तर हळद दाबून घरी बसायचं नाही, कारण हळदीनं धनुर्वात थांबत नाही, त्याला इंजेक्शनच लागतं. भाजलं तर आधी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, आणि जास्त भाजलं तर सरळ दवाखाना. साप चावला तर एक मिनिट घालवायचा नाही. आपली नोंद करायची तर काय चाललं नाही तेही लिहायचं. तरच तिला नोंद म्हणायचं.

दुसरी गोष्ट भेसळीची. एकदा आमच्या गटानं घाईत बाहेरून हळद पावडर आणली, उटण्यासाठी. रंग इतका तेजस्वी की बघत राहावं. लावल्यावर दोघींच्या चेहऱ्याला आग झाली, पुरळ आलं. ते उटणं आम्ही विकलं नाही, नुकसान सोसलं. हळद चकचकीत दिसावी म्हणून काही लोक तिला शिशाचा पिवळा रंग लावतात. शिसं पोटात गेलं की लेकरांच्या मेंदूला इजा होते, ती पुढं भरून येत नाही. कायद्यानं त्याला बंदी आहे. घरी एक साधी परीक्षा करता येते. पेल्यात पाणी घ्या, वर चमचाभर हळद टाका, हलवू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर संशय घ्या. या परीक्षेनं सगळीच भेसळ कळते असं नाही. म्हणून सगळ्यात चांगलं म्हणजे आपलं हळकुंड, आपली चक्की.

ज्यांनी नोंद केली त्यांचं काय झालं, तेही बघा. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या गावचं नाव त्याच हळदीला लावता येतं, दुसरीला नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालं. आणि २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या वसमतच्या हळदीला. अशा मानांकनासाठी हळद कशी पिकवतात, तिचं वेगळेपण काय, तिचा इतिहास काय, हे सगळं लेखी द्यावं लागतं. पलीकडं तेलंगणात, आपल्या हद्दीला लागून असलेल्या निजामाबादला, २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. म्हणजे आपल्या चारी बाजूंना आता हळदीचं कागदोपत्री काम चाललंय. त्यात बायांचं काय लिहिलं जाणार, हे आपण लिहिल्याशिवाय ठरणार नाही.

यासाठी कायद्यात जागा आहे, आणि ती फार जणींना माहीत नाही. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती करायची आहे. २००४ च्या नियमांत त्या समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात असं लिहिलं होतं. या समितीचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं. गावात कोणती झाडं, कोणती वाणं, कोणती औषधी, ती कोण कशासाठी वापरतं, हे गावातल्या लोकांना विचारून लिहायचं. ही कल्पना रुजवणाऱ्यांत आपले पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचं मोठं काम आहे. म्हणजे तोंडी ज्ञानाला कागदावर आणायची वाट सरकारनंच करून ठेवली आहे.

तर मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या गावची समिती आहे का? तिच्यात बाया कोण आहेत? आणि नोंदवही कुठं आहे, दाखवा. कुठं कुठं ती कपाटात असेल, बाहेरच्या माणसानं दोन दिवसांत भरून दिलेली. ती उघडून बघा. हळदीच्या पुढं नुसतं 'मसाला' असं लिहिलेलं असेल, तर ग्रामसेवकांना सांगा, आमच्याकडून अजून बरंच लिहायचं राहिलंय.

तोवर आम्ही गटाच्या पातळीवर एक वही सुरू केली आहे. दोनशे पानी, साधी. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी लिहितो. काय वापरलं, कशासाठी, कशात कालवून, उपयोग झाला की नाही, आणि कुणी सांगितलं. सांगणारीला आधी विचारतो, हे लिहिलं तर चालेल का. एखादीला आपलं घरचं औषध सगळ्यांना सांगायचं नसेल, तर तिचा तो हक्क आहे, तिथं जबरदस्ती नाही.

वहीतली पहिली नोंद मावशींची आहे, हळदीला चुना लागला की लाल होते ती. त्यांनी सांगितलं आणि बारावी सायन्सच्या त्या पोरीनं लिहून घेतलं. शेवटी तिनं विचारलं, "मावशी, पूर्ण नाव सांगा." मावशी म्हणाल्या, "माझं कशाला? सासूबाईंचं लिही. त्यांनीच शिकवलं." मग सासूबाईंचं नाव विचारलं, तर मावशींना ते पटकन आठवेना. सगळं घर त्यांना बाई म्हणायचं. मावशी बराच वेळ डोळे मिटून बसल्या, आणि मग त्यांना आठवलं. आता वहीत दोन्ही नावं आहेत, एकाखाली एक.

तुमच्या गावची वही सुरू झाली की आम्हाला कळवा.